रिकाम्या जागेलाही पत्ता लागतो

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय थोडा तांत्रिक आहे, पण त्यात आमचे सांगलीचे मामा आहेत, त्यामुळे नातेवाईकांनी लगेच पान बंद करू नये!

तर झालं असं. मामांची हळदीची अडत आहे. सगळा हिशोब एका सेकंडहँड सर्व्हरवर, एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. (ही हौस अर्थातच माझी.) एका पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं. २००५ आणि २०१९ पाहिलेला सांगलीकर ४५ ची वाट बघत बसत नाही. माळ्यावर सामान चढलं, आणि मामेभाऊ त्या मशीनची फाइल हार्ड डिस्कवर घेऊन रात्री साताऱ्याला माझ्याकडे हजर. मी म्हटलं, अर्ध्या तासात चालू करून देतो.

नाही झालं. क्यूएमूने सुरुवातीलाच नकार दिला. फिज-बिट्स कमी पडतात, एवढंच म्हणणं. मशीनला मेमरी दिली होती फक्त ८ जीबी, माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे १६. मग कमी काय पडतंय? तासभर मी रॅमच्याच मागे लागलो होतो.

चूक माझीच होती. सांगलीला मशीन बनवताना, पुढे मेमरी वाढवावी लागली तर असावी म्हणून, कमाल मर्यादा १ टीबी लिहून ठेवली होती. खर्च काहीच नव्हता, नुसता आकडा. पण त्या १ टीबीसाठी क्यूएमू पत्ते राखून ठेवतो. मेमरीच्या प्रत्येक बाइटला पत्ता लागतो, आणि प्रोसेसर किती बिटांचा पत्ता लिहू शकतो हे कारखान्यातच ठरतं. सांगलीचा झिऑन ४६ बिटांचा, म्हणजे ६४ टीबी. माझा घरचा कोअर ३९ बिटांचा, म्हणजे ५१२ जीबी. मेमरी जागेवर नसली तरी पत्त्यांची राखीव जागा माझ्या प्रोसेसरच्या कुंपणाबाहेर जात होती. शिवाय ४ जीबीच्या खालचा काही भाग उपकरणांसाठी सोडावा लागतो, तेवढी मेमरी वर सरकते. ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीवर ४ जीबी रॅम टाकून ३.२५ च्या आसपास दिसायची, आठवतंय? कारण तेच.

हे तपासणं अगदी सोपं आहे. लिनक्सवर प्रोक फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाइल उघडायची, त्यात 'अॅड्रेस साइझेस' अशी ओळ असते. त्यातला फिजिकलचा आकडा बघायचा. व्हर्च्युअलचा नाही, तो जवळपास सगळीकडे ४८ असतो आणि उगाच धीर देतो. काही एएमडी प्रोसेसरवर मेमरी एन्क्रिप्शन चालू केलं की हा आकडा कमी होतो, म्हणून खोक्यावर न वाचता त्या फाइलमध्येच वाचावा.

आता माझं मत. त्या रात्री मी त्या नकाराला शिव्या घातल्या, पण नकार बरोबर होता. ही तपासणी क्यूएमूमध्ये २०२२ च्या ७.१ आवृत्तीत आली. त्याआधी मशीन सुरू व्हायचं, आणि पाहुण्या सिस्टिमने एखादं उपकरण वरच्या पत्त्यावर ठेवलं की मग अडायचं. महापुराच्या रात्री चालू झालेलं आणि नंतर बंद पडलेलं मशीन मला नको. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. वेगळं काही सांगितलं नाही तर बऱ्याच वेळा पाहुण्याला ४० बिट सांगितले जातात, खाली प्रोसेसर ३९ चा असला तरी! याला कारण आहे, हे मान्य. चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायचं तर दोन्हीकडे आकडा एकच हवा. पण मग सगळ्यांत लहान होस्टचा आकडा घ्या ना. खोलीत आहे त्यापेक्षा जास्त माणसांचं बुकिंग घेणाऱ्या लॉजमालकाला आपण 'सोयीसाठी केलं' म्हणून सोडत नाही.

आणि तो संदेश! 'कमाल मेमरी १ टीबी मागितली आहे, या प्रोसेसरला ५१२ जीबीच्या वरचे पत्ते नाहीत' असं लिहिलं असतं तर माझा तास वाचला असता. त्याऐवजी सोळाच्या पाढ्यातले दोन लांबलचक आकडे. असो.

१ टीबी खोडून १६ जीबी लिहिलं. पहिल्या फटक्यात चालू. मामांना फोन केला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, आणि ते जागेच होते. "काय अडलं होतं रे?" मी पत्ते, बिट वगैरे सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पट्टीवर आकडेच संपले होते होय? बरं, उधारीची यादी उघडते का ते बघ आधी."

उघडली.