आधी जमीन, मग पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावर एक तलाव, पायथ्याला दुसरा आणि दोहोंत पाणी वर-खाली खेळवून वीज, अशा उदंचन प्रकल्पांचे करार राज्य सरकार एकामागून एक करते आहे. उन्हाची आणि वाऱ्याची वीज साठवायची तर हे प्रकल्प लागतील, हे आम्हाला मान्य आहे. पण पुढच्या करारावर सही करण्यापूर्वी मंत्रालयाने कोयनेचा हिशेब एकदा उघडून बघावा.

१९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयनेने राज्याच्या कारखानदारीला बळ दिले. त्यासाठी सुमारे शंभर गावे उठली. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ साली. कुणी सांगली-सोलापूरकडे गेले, कुणी रायगड-ठाण्याला. अनेक कुटुंबे पाण्याच्या वर, डोंगरउतारालाच सरकली. मग १९८५ मध्ये तिथे अभयारण्य झाले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प आला आणि एकदा उठलेल्या माणसांपुढे पुन्हा उठण्याची वेळ उभी राहिली. आज धरणग्रस्तांची तिसरी पिढी संकलन यादीतले आजोबांचे नाव दाखवत जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत जात होत्या. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

हे का घडते? धरणाच्या कामाला टप्पे असतात. टप्पा झाला की ठेकेदाराचे बिल निघते, तो लांबला की किती वीज बुडाली याची बैठक लागते. पुनर्वसन मात्र महसूल खात्याच्या गळ्यात. त्याला ना टप्पा, ना मुदत. जमीन वर्षभर उशिरा मिळाली तर त्या कुटुंबाचे काय बुडाले, ते कोणत्याच ताळेबंदात चढत नाही. बुडितापूर्वी पुनर्वसन पूर्ण हवे, असे नर्मदा लवादाने १९७९ मध्येच बजावले होते. त्या अटीचे काय झाले, ते नंदुरबारमधल्या मणिबेलीच्या आदिवासींनी १९९३ च्या पावसाळ्यात आपल्या दारात पाहिले.

म्हणून अट कागदावर असून भागत नाही. ती धरणाच्या दरवाज्यांना बांधली पाहिजे. प्रत्येक कुटुंबाला कसण्याजोग्या जमिनीचा ताबा आणि स्वच्छ सातबारा मिळाला, असा ठराव बाधित गावाच्या ग्रामसभेने केल्याशिवाय पाणी अडवायला परवानगी मिळू नये. विकलेल्या प्रत्येक युनिटमागे ठरावीक रक्कम प्रकल्प चालेल तितकी वर्षे त्या गावांच्या निधीत जावी. वीज महागेल, असा आक्षेप येईल. आज ती स्वस्त वाटते, कारण तिच्या किमतीतला एक वाटा विस्थापित भरत आले आहेत.

निसर्गाचा हिशेबही असाच अर्धवट लिहिला जातो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, सुमारे १८० माणसे गेली. जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळते, याचे जगात सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण हेच. कोयना परिसरात जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून शास्त्रज्ञ त्याचा माग घेत आहेत. कृष्णा खोऱ्याचे पाणी वीज करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरते. जुलै २०२१ च्या महापुरानंतर या अवजलाचे वेळापत्रक कोण ठरवते, हा चिपळूणकरांचा प्रश्न रास्त होता. घाटमाथ्यावरचा तलाव घाटाखालच्या गावाचाही विषय असतो, हे पर्यावरणीय जनसुनावणी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे आणि ती खालच्या गावांतही घ्यावी.

नवे प्रकल्प मुख्यतः खासगी कंपन्या उभारणार आहेत. सरकारचा प्रकल्प असूनही कोयनेच्या लोकांना इतकी वर्षे धरणे धरावे लागले. कंपनीच्या दारात त्यांचे कोण ऐकणार? त्यामुळे ताबा, निधी आणि पाणी सोडण्याचे जाहीर वेळापत्रक या तिन्ही गोष्टी करारातच लिहिल्या जाव्यात, आणि झालेले करारही त्यासाठी पुन्हा उघडावेत.