गोळी लिहून दिली म्हणजे उपचार झाला?



'थायरॉइड काय, घरोघरी आहे!' हे वाक्य आता मला ऐकवत नाही. घरोघरी आहे म्हणून आजार किरकोळ होत नाही. इतक्या जणींना आहे, तर उपचार जास्त नीट व्हायला हवेत. होतं काय? डॉक्टर रिपोर्ट बघतात, 'टीएसएच वाढलाय, 50 ची गोळी, सकाळी उपाशीपोटी' म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात.

थायरॉक्सिनची गोळी मोठी लहरी. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर चहासुद्धा नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. आता आपली सकाळ बघा. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटं तोंडात पाणी नाही. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे नवकारसीला आठ वाजत येतात. तोवर डबे, शाळेची बस, ऑफिसची घाई. मग गोळी आणि चहा पाठोपाठ पोटात जातात. गोळी अंगी लागत नाही, टीएसएच हटत नाही, आणि 50 ची 75 होते. काहींना रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी देतात, पण चौविहार असेल तर तीही वाट बंद.

'गोळी कधी घेता? उपवास करता का?' एवढं विचारायला किती वेळ लागतो? रुग्णाचं जगणं न विचारता दिलेला डोस हा अंदाज असतो, उपचार नव्हे.

अठाईत तर कितीतरी जणी कुणाला न सांगता आठ दिवस गोळी बंद ठेवतात. एखादा दिवस चुकला तर सहसा बिघडत नाही, कारण हे औषध शरीरातून हळूहळू उतरतं. पण आठ दिवसांचं आपल्या मनाने ठरवू नका. तपश्चर्येआधी डॉक्टरांना विचारा आणि महाराजसाहेबांनाही. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत.

आणि घरच्यांनो, सततचा थकवा, केस गळणं, बद्धकोष्ठ, पाळीत जास्त जाणं, थंडी न सोसणं याला आळस म्हणू नका.

आपण विचारायचं काय? माझ्या थायरॉइडचं कारण काय, अँटिबॉडीची तपासणी करायची का? डोस बदलला तर 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करायचा ना? दिवस राहिले तर डोस लगेच बदलावा लागेल का? दर रिपोर्टची प्रत मागून घ्या, तारखेप्रमाणे फाइलला लावा.

'डॉक्टरांना उलट विचारू नये' असं आपल्याला शिकवलंय. अहो, प्रवचन झाल्यावर आपण महाराजसाहेबांनाही शंका विचारतो आणि ते शांतपणे समजावतात. मग फी भरून बसलेल्या खुर्चीत संकोच कसला? प्रश्न विचारल्यावर जे डॉक्टर चिडतात, ते बदला. गोळी मात्र बंद करू नका.