बदामाचे बदाम

“घरात साधा शिरा करायला सांगितला तर तुझी कंबर दुखते, आणि त्या परक्या बायकांसाठी दोन दिवस ओव्हनपुढे उभी राहतेस!” आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला गेल्या फेब्रुवारीत हे ऐकावं लागलं. बोलणारा नवरा वाईट माणूस नाही. ती मोर्चाला आली की मुलांना तोच सांभाळतो, तिच्या नोकरीचं त्याला कौतुकही आहे. पण बायकोने आठ-दहा मैत्रिणींसाठी मॅकरॉन करायला घेतले आणि त्याच्या तोंडून ‘परक्या’ हा शब्द बाहेर पडला.

बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आपल्यातल्याही काहीजणींनी नाकं मुरडली. नवऱ्याचं बोलणं चूकच, पण हे काय खूळ? वस्तीतल्या बायका रेशनच्या रांगेत ताटकळत उभ्या आणि आपण बदामाच्या आकाराची फ्रेंच बिस्किटं भाजायची? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. बदामाचा भाव मलाही माहीत आहे. पण या आक्षेपाच्या आड एक दुसरा प्रश्न झाकला जातो आणि तो आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या दिवसाविषयी. १४ फेब्रुवारीचा प्रेमिकांचा दिवस आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या आदल्या दिवशी, १३ तारखेला, मैत्रिणींनी एकत्र जमायचं ही कल्पना ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेत २०१० साली आली. त्यातली नायिका नवरे-प्रियकर घरी ठेवून मैत्रिणींना न्याहारीला बोलावते आणि त्यांचं कौतुक करते, एवढंच. मालिकेतली गंमत, पण बायकांनी ती उचलली आणि अनेक देशांत हा दिवस खरोखरच साजरा होऊ लागला. बाजारानेही अर्थात लगेच उचलली. फिनलंडमध्ये तर १४ फेब्रुवारीलाच ‘मित्रदिन’ म्हणतात, वेगळ्या दिवसाची गरजच नाही.

‘आपली संस्कृती नाही’ म्हणून याच सुमारास भेटकार्डांच्या दुकानांवर चाल करून जाणाऱ्या, कार्डं जाळणाऱ्या संघटना आपण पाहिल्या आहेत. तेव्हा आपली मोठीच पंचाईत झाली होती. बाजाराची बाजू घ्यायची नव्हती आणि तरुण मुलामुलींना धमकावणाऱ्यांचीही घ्यायची नव्हती. तीच पंचाईत या मॅकरॉनच्या बाबतीत आहे. फरक एवढाच की इथे बाजारातून काही विकत आणलेलं नाही. एका बाईने ते स्वतःच्या हाताने केलं आहे. तेव्हा ते काय आहे आणि कसं होतं ते बघू या.

मराठीत हृदयाच्या आकाराला आपण बदाम म्हणतो, पत्त्यांमुळे. त्यामुळे या खाऊचं वर्णन सोपं आहे: बदामाचे बदाम. सोललेले बदाम बारीक दळायचे, तेल सुटू द्यायचं नाही, चाळून घ्यायचे. साधारण तेवढीच पिठीसाखर. अंड्यांचं पांढरं वेगळं काढून साखर घालत घालत फेटायचं, भांडं उलटं धरलं तरी जागचं हलू नये इतकं. मग बदामाचं पीठ त्यात मिसळायचं. खरी कसोटी इथे आहे. कमी ढवळलं तर वर टोकं राहतात, जास्त ढवळलं तर कागदावर सगळं ओघळतं. कागदाखाली पेन्सिलीने आकार काढून ठेवायचे आणि पिशवीच्या टोकातून दोन थेंब शेजारी शेजारी सोडून खाली निमुळते ओढायचे. टोक टूथपिकने नीट करायचं. त्यानंतर ओव्हनमध्ये घालायची घाई करायची नाही. अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं, वर सायीसारखा पापुद्रा धरेपर्यंत, बोट लावलं तर चिकटता कामा नये. मुंबईच्या पावसाळ्यात हा पापुद्रा धरता धरत नाही. फेब्रुवारीची कोरडी हवा त्याला बरी. मग १५० अंशांच्या आसपास पंधराएक मिनिटं. नीट जमलं तर खालच्या कडेला झालरीसारखी फुगीर किनार येते, तिला फ्रेंच लोक ‘पाय’ म्हणतात. बिनसलं तर वर तडा जातो किंवा आतून पोकळ निघतं. गार झाल्यावर जोड्या जुळवायच्या, मध्ये सारण भरायचं आणि एक दिवस फ्रिजमध्ये मुरू द्यायचं. म्हणून दोन दिवस.

हे वाचून कित्येकींना अनारसे आठवले असतील. तेच तंत्र, तोच जीव टांगणीला. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, पीठ मुरवा, आणि शेवटी तुपात सोडल्यावर अनारसा हसला की सगळी मेहनत वाया. पण हे अनारसे जातात कुठे ते पाहा. अधिक महिन्यात तेहतीस अनारशांचं ताट जावयाला. आपल्या पाककलेतली अवघडातली अवघड कामं बहुतेक अशीच कोणाच्या तरी मानासाठी राखलेली आहेत: जावयाच्या, व्याह्यांच्या, देवाच्या. मैत्रिणीच्या मानासाठी काय करतात? मी आठवून पाहिलं. भोंडल्याची खिरापत आठवली, पण ती मुलींची, लग्नाआधीची. लग्नानंतर मंगळागौर, वटपौर्णिमा, हरितालिका, हळदीकुंकू. बायका जमतात, खेळतात, खातात, पण प्रत्येक वेळी मध्यभागी नवरा असतो, मग तो घरात असो वा नसो. मैत्रीण ही मैत्रीण आहे म्हणून तिच्यासाठी ओट्यापुढे उभं राहायचं, अशी रीत आपल्याकडे मला तरी सापडली नाही.

‘परक्या’ हा शब्द तिथूनच आला आहे. बाईच्या हातातलं कसब ही घराची मालमत्ता आहे असं घर धरून चालतं. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. म्हणजे पावणेपाच तास आणि दीड तास. या पावणेपाच तासांबद्दल घर काही बोलत नाही, कारण ते त्याला दिसतच नाहीत. दोन दिवसांतले चार-पाच तास दुसरीकडे गेले की मात्र लगेच दिसतात. बाई थकली आहे याचं घराला वाईट वाटत नाही, ती दुसऱ्या कोणासाठी थकली याचं वाटतं. हे मी त्या एका नवऱ्याबद्दल म्हणत नाही. सासू, आई, मुलं, सगळे हेच म्हणतात, आणि पुष्कळदा बाई स्वतःही मनातून हेच म्हणत असते.

‘स्वयंपाकघरातून बाहेर पडा’ असं आपण इतकी वर्षं सांगत आलो. ते बरोबरच होतं. पण तिला कंटाळा रांधण्याचा होता की ठरलेल्या वेळी, ठरलेलं, ठरलेल्या माणसांसाठी रांधण्याचा, हे विचारायचं राहून गेलं. त्या मैत्रिणीने एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. ती म्हणाली, “मॅकरॉनला कोणाच्या आईच्या हातची चव नसते.” कोणी असं म्हणू शकत नाही की आमच्याकडे असे करत नाहीत. ताटात त्याची जागा नाही, नैवेद्यात नाही, डब्यात नाही. पहिला घाणा तडकला तेव्हा तिला बोलणारं कोणी नव्हतं. तिने तो चुरा दुधात घालून खाल्ला आणि पुन्हा पांढरं फेटायला घेतलं. उरलेल्या पिवळ्या बलकांचं ऑम्लेट मात्र घरच्यांनीच खाल्लं, परक्यांनी नाही!

या खाऊचा इतिहासही बायकांशी जोडलेला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९२ साली धार्मिक मठ बंद झाले. नॅन्सी शहरातल्या मठातल्या मार्गरित आणि मारी-एलिझाबेथ या दोघी जोगिणी रस्त्यावर आल्या. घर नाही, मठ नाही, नवरा तर नव्हताच. मठात करत असलेली बदामाची बिस्किटं करून त्या विकू लागल्या आणि त्यावर जगल्या. (ती बिस्किटं साधी, चपटी, वर तडे गेलेली असत. दोन चकत्यांमध्ये सारण भरायची पद्धत पॅरिसमध्ये विसाव्या शतकात रूढ झाली.) गावाने त्यांना ‘मॅकरॉन भगिनी’ म्हटलं आणि १९५२ साली तिथल्या एका रस्त्याला तेच नाव दिलं. मान मोठाच, पण रस्त्यावर नाव बिस्किटाचं लागलं, त्या दोघींचं नाही. आपल्याकडच्या पोळीवाल्या मावशी आणि चकलीवाल्या काकू आठवा. वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं खाणाऱ्या घरांत त्यांचं नाव किती जणांना सांगता येईल?

मुंबईत पूजा धिंग्रा यांनी पॅरिसला शिकून येऊन २०१० साली मॅकरॉनचा धंदा सुरू केला. आज पुण्यात, नाशकात, ठाण्यात घरच्या ओव्हनवर हे करून विकणाऱ्या बायका आहेत. त्यांचं एक गाऱ्हाणं कायम असतं. ओळखीच्या बायका म्हणतात, तू तर मैत्रीण, तुला कसले पैसे द्यायचे? इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. मैत्रिणीला दिलेली भेट वेगळी आणि मैत्रीच्या नावाखाली उकळलेलं फुकट काम वेगळं. घर प्रेमाच्या नावाखाली जे करतं तेच आपण मैत्रीच्या नावाखाली केलं, तर मग घराला बोल कशाला लावायचा? तिने आपण होऊन दिलं तर खुशाल खा. मागितलं तर मोबदला द्या, आणि घासाघीस करू नका.

मग प्रश्न येतो बोलावण्याचा. १८५२ च्या संक्रांतीला पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगूळ समारंभ केला आणि सगळ्या जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसवलं. त्या काळात ही केवढी गोष्ट! आणि आज आपल्या मैत्रिणींच्या जमण्यात कोण कोण असतं? एकाच कॉलनीतल्या, एकाच शाळेतल्या मुलांच्या आया, एकाच आडनावांच्या. मैत्री आपोआप होते असं आपण म्हणतो, पण ती आपोआप जातीतच कशी होते?

मॅकरॉनने हा प्रश्न चक्क ओट्यावर आणून ठेवला, कारण त्यात अंडं आहे. आमच्या गटातल्या एकीच्या घरात अंडं चालत नाही. दुसरीला भाड्याने घर शोधताना ‘तुम्ही काय खाता’ या प्रश्नावरून तीन ठिकाणी नकार मिळालेला. अंडं घातलं तर पहिली उपाशी, नाही घातलं तर दुसरीला वाटणार की इथेही तेच. मैत्रिणीने दोन प्रकार केले. काबुली चणे शिजवल्यावर जे चिकट पाणी राहतं ते आटवून फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखाच फेस येतो. २०१४-१५ च्या सुमारास काही हौशी लोकांच्या ध्यानात ही युक्ती आली आणि मग जगभर पसरली. दोन थाळ्या, दोन रंग, एकच टेबल. कोणत्या कशाच्या ते उघड सांगितलं. ना चोरून खाणं, ना सोवळ्याची वेगळी पंगत. हे सुचायला तिला दोघींची खबर असावी लागली, आणि खबर असणं म्हणजेच मैत्री, नाही का?

आता भांड्यांचं. त्या संध्याकाळी दहाजणी जमल्या, हसल्या, खाल्लं, एकमेकींबद्दल चांगलं बोलल्या. (मैत्रिणीच्या तोंडावर तिची स्तुती करणं किती अवघड असतं, करून बघा.) नऊ वाजता सगळ्यांना घरी पोचायची घाई झाली, कारण घरी पोळ्या व्हायच्या होत्या. फेटायचं भांडं, चाळणी, तीन ट्रे, दहा कप ओट्यावर तसेच. दोघीजणी मागे थांबल्या आणि त्यांनी घासले म्हणून निभावलं. एरवी दुसऱ्या दिवशी ते कामाला येणाऱ्या बाईच्या पुढ्यात गेले असते. तिला या समारंभाचं बोलावणं नव्हतं.

आपल्या ८ मार्चच्या कार्यक्रमांतही मला दरवर्षी हेच दिसतं. भाषणं कोणाची, गाणी कोणाची हे बैठकीत ठरतं. चहा-पोह्यांचं कोणी ठरवत नाही, ते त्याच दोघी-तिघी करतात, आणि मुख्य भाषण चालू असताना त्या आत कप विसळत असतात. यंदाच्या तयारीच्या बैठकीत विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून खाऊ कोण करणार आणि भांडी कोण घासणार हे घ्यावं, अशी माझी सूचना आहे. वक्त्यांची नावंही त्या यादीत असावीत. आणि गेल्या वर्षी ज्या आत होत्या त्यांना यंदा पुढच्या रांगेत बसवून काहीतरी अवघड, खास त्यांच्यासाठी केलेलं खाऊ घालावं. मॅकरॉनच पाहिजेत असं नाही, अनारसेही चालतील.