पैठणीचा मोर आणि वालधुनीचे निळे पाणी

‘वस्त्रकलेची कार्यशाळा आहे, तरुण कलावंतांना स्थानिक वारशाशी जोडायचे आहे, विद्यार्थी पाठवा.’ अशी निमंत्रणे आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील महाविद्यालयांत अधूनमधून येतात आणि आम्ही विद्यार्थी पाठवतो. मुले पैठणीचा मोर गिरवतात, कापडी पिशवीवर वारली चित्रे काढतात, प्रमाणपत्रे घेऊन परततात.

पैठणीशी आमचे वैर नाही. परंतु ती पैठण-येवल्याची. आणि वारली चित्रकला तर कापडावरची नव्हेच, ती कुडाच्या भिंतीवरची. मग यातले ‘स्थानिक’ ते काय? अशाच एका कार्यशाळेत आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मी आईबरोबर घरी जीन्सचे धागे कापते, ते यात येतं का?” उत्तर मिळाले, “तो धंदा झाला, वारसा नव्हे.” आमचा वाद या एका वाक्याशी आहे.

पैठणी काय धंद्यावाचून विणली गेली? विणकर, रंगारी, सावकार आणि गिऱ्हाईक यांच्यावाचून कोणते वस्त्र जन्माला आले? धंदा जुना झाला आणि कारागीर नजरेआड गेला की त्याला वारसा म्हणायचे, अशी ही सोयीची व्याख्या आहे.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर येथे सिंधमधून निर्वासित आले. १९४९ मध्ये गावाला आजचे नाव मिळाले. ज्या सिंधमधून ही माणसे आली, तेथील अजरक ठशांनी छापली जाते आणि तिचा निळा रंग निळीचा. तेथील रल्ली म्हणजे जुन्या कापडाचे तुकडे जोडून शिवलेली, आमच्या वाकळेची सख्खी बहीण. आणि ज्या जीन्ससाठी उल्हासनगर ओळखले जाते, तिचाही रंग निळीचाच. फक्त ही नीळ झाडाची नसून कारखान्यातली, जी १८९७ पासून जर्मनीतून बाजारात येऊ लागली. रसायन तेच. जीन्सच्या कापडात उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. निळ्या धाग्याचा गाभाही पांढराच राहतो, म्हणून ती धुता धुता विटते. अजरकपासून जीन्सपर्यंतची ही वाट शिकवायला बाहेरून तज्ज्ञ कशाला? शहाडला लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचे सूत काढणारा कारखानाही येथलाच आहे.

यावर आक्षेप येईल की, या धंद्याने नदी नासवली. खरे आहे. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला (शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) लगटून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते, तिचे पाणी कधी निळे तर कधी लाल झालेले आम्ही रेल्वेच्या खिडकीतून पाहिले आहे. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दंड ठोठावला; पुढे जीन्सधुलाईच्या कारखान्यांवर कारवाई झाली. पण मग कार्यशाळेत हे सांगायलाच हवे. वारसा म्हणजे केवळ मिरवण्याची वस्तू नव्हे. देणेही वारशानेच येते. मंदिरातील शिल्पांच्या वस्त्रांचे रेखाटन करायचे आणि मागच्या नदीकडे पाठ फिरवायची, याला कलाशिक्षण म्हणवत नाही.

दोष आमच्याकडेही आहे. आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात ‘कवितेचा पोत’, ‘कथेची घट्ट वीण’, ‘ताणाबाणा’ असे शब्द सहज फेकतो. धोटा हातात घेतलेला आमच्यापैकी कोण आहे? नामदेव शिंपी होते आणि कबीर विणकर, हे आम्ही परिचयाच्या पहिल्या ओळीत सांगून मोकळे होतो. कटिंग मास्टर, ओव्हरलॉक, काजबटण, वॉश हे शब्द विद्यार्थी घरातून घेऊन येतात आणि वर्गाच्या दाराशी चपलांसारखे काढून ठेवतात. मराठी, सिंधी, हिंदी यांच्या सरमिसळीतून घडलेल्या या भाषेचा साधा शब्दसंग्रहही आमच्या विभागांनी केलेला नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. कार्यशाळा व्हाव्यात, पण त्यांत शिकवायला धागे कापणारी बाई, कटिंग मास्टर आणि रल्ली शिवलेली आजी बसावी. आणि तज्ज्ञाला जे मानधन देता, तेच त्यांना द्यावे. शाल-श्रीफळावर बोळवण नको. जी बाई नगावर मोबदला मोजते, तिला वेळेची किंमत आपल्यापेक्षा अधिक कळते.

त्या विद्यार्थिनीने पैठणीचा मोर सुरेख काढला होता. तिला प्रमाणपत्र मिळाले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही अजून देणे लागतो.