पत्र्यावरचे दगड

21 मार्च 2024 रोजी सकाळी हिंगोली-नांदेड परिसरात जमीन हादरली. तीव्रता 4.5. त्यानंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने गावकऱ्यांना आवाहन केले: पत्र्याच्या छतावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. सूचना रास्तच होती. पण किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षे उलटल्यावरही माणसे डोक्यावर दगड ठेवून झोपतात, याची ती सरकारी कबुलीही होती. त्यात कोणाला काही वावगे वाटल्याचे दिसले नाही.

दगड काढले तर पत्रा धरणार कोण? पत्रा पक्का बसायचा तर खाली वासे हवेत, पत्रा त्यांना हुकांनी आवळलेला हवा. वाशांखाली तुळई, तुळईखाली खांब. थोडक्यात, सांगाडा हवा. यातल्या बहुतेक घरांत तो नसतोच. चार भिंती, त्यांवर आडवे टाकलेले पाइप, वर पत्रे आणि त्यांवर दगड.

मराठवाड्याला सांगाडा नवा नाही. माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर खणांवर, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांवर मोजले जाई. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, वर किलचन आणि माती. बाभूळ, लिंब, ऐपत असेल त्याच्याकडे सागवान. कुटुंब वाढले की दोन खण वाढत. भाऊ वेगळे झाले की वाटणीत खण येत. घर मोडायची वेळ आली तर खांब-तुळया सुट्या करून दुसरीकडे उभ्या करता येत. कुटुंबाबरोबर बदलणारे, पुन्हा वापरता येणारे घर म्हणून आज परदेशी वास्तुरचनाकार जे दाखवतात, त्यातले बरेचसे आपल्या सुताराला ठाऊक होते.

मग किल्लारीच्या भूकंपाची, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. माणसे मेली ती दगडामातीखाली. भिंती दोन पदरी, मध्ये गोट्यांचा भराव, दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड नाही. वर दरवर्षी पावसाळ्याआधी चढवलेल्या मातीचा दीड-दोन फुटांचा थर. भिंती ढासळल्या, पण अनेक घरांत खांब-तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या. पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी हे नोंदवून ठेवले आहे. जुनी घरे मजबूत करण्यासाठी पुढे सूचना निघाल्या, त्यांतही लाकूड काढा असे नव्हते. माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे लाकडी आधार ठोका, असे होते.

लोकांनी मात्र निकाल वेगळा दिला. मारले दगडाने, शिक्षा झाली लाकडाला. भीती समजण्यासारखी होती. सरकारनेही ती खोडून काढली नाही. 52 गावे हलवली आणि जमीनधारणेप्रमाणे 250, 400 वा 750 चौरस फुटांची सिमेंटची घरे दिली. त्यांना खण नव्हते. कुटुंब वाढले तसे शेजारी पत्र्याचे शेड आले. योगायोग असा की, त्याच 1993 मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदी घातली. कारण वेगळे होते, जंगल वाचवण्याचे. ही बंदी जुलै 2020 मध्ये उठली. लाकूड ही पुन्हा वाढवता येणारी सामग्री आहे आणि ते कर्ब धरून ठेवते, हे सरकारला 27 वर्षांनी पटले. लातूर-नांदेडला ही बातमी अजून पोचायची आहे.

पत्रा केवळ खेड्यात आहे, असेही नाही. लातुरात बारावी आणि 'नीट'साठी आलेली मुले रूम करून राहतात. नांदेडातही तेच. जून जवळ आला की गच्चीवर पत्र्याची खोली चढते. आत प्लायचे पार्टिशन आणि भिंतीला टेकलेले तीन पलंग. पुढच्या वर्षी मुले वाढली की आणखी एक पार्टिशन. म्हणजे हलकी, दरवर्षी बदलता येणारी, तिघा-चौघांनी वाटून घ्यायची खोली शहराला हवीच आहे. ती आपण सर्वांत वाईट पद्धतीने बांधतो. मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसून अभ्यास करणाऱ्या मुलाला विचारावे.

हीच खोली लाकडी सांगाड्याची करायची म्हटली, तर वाळवीचे काय, आगीचे काय, हे प्रश्न येणारच. वाळवीवर प्रक्रिया आहे. जाड तुळई बाहेरून कोळसते आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. याच हिशोबावर अमेरिकेत मिलवॉकी येथे 'असेंट' ही 25 मजली निवासी इमारत 2022 मध्ये उभी राहिली. खालचे मजले काँक्रीटचे, वरचे लाकडाचे. आपल्याला दोन मजले पुरेत.

लाकूड आणायचे कुठून, हा खरा प्रश्न. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. पण नांदेड जिल्ह्यातच किनवट-माहूरचे सागवान आहे. लातूरजवळ लोदग्यात बांबूचे काम चालते. वनाबाहेरच्या बांबूला 2017 पासून तोडणी-वाहतुकीचा जाच नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबू यांचा स्वतंत्र विभाग आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे परिसर नांदेड आणि लातूर दोन्हीकडे आहेत. नांदेडला अभियांत्रिकीची जुनी संस्था आहे. चाळीस मुलांचे एक लाकडी वसतिगृह बांधून तपासायला याहून काय लागते? लागते ते एवढेच: निविदेत 'आरसीसी'खेरीज दुसरा शब्द लिहिणारा कार्यकारी अभियंता आणि खाली त्याची सही.