‘कमी वजनाचं होतं, नाही जगलं’ : बाळाच्या मृत्यूचं कारण एवढ्यावर संपत नाही

गेल्या पावसाळ्यात सोलापुरातल्या आपल्या एका वस्तीत 19 दिवसांचं बाळ गेलं. तीन दिवसांनी आम्ही त्या घरी गेलो. आजी म्हणाली, “ताई, कमी वजनाचं होतं, न्हाई जगलं.” शेजारच्या मावशींनी तेच सांगितलं. नंतर भेटलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यानेही तेच सांगितलं. सगळ्यांचं उत्तर एकच होतं आणि ते खोटंही नव्हतं.

आम्ही माता-बाल आरोग्यावर वस्त्यांमध्ये काम करणारे चार-पाच जण. त्या दिवशी आम्ही एवढंच केलं, की उत्तर मिळालं तरी पुढचा प्रश्न विचारला. वजन कमी का होतं? आईच्या कार्डावर सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन 7.2 लिहिलेलं होतं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. मळमळतं म्हणून तिने त्या बंद केल्या आणि नंतर कुणी विचारलं नाही. वय किती? घरचे 19 सांगतात. शाळेच्या दाखल्यावरून मोजलं तर लग्नाच्या वेळी 17 पूर्ण नव्हते. शेवटच्या महिन्यात काम? नववा लागेपर्यंत विड्या वळत होती. सोलापुरात विडी म्हटलं की पूर्व भागातला पद्मशाली समाज डोळ्यासमोर येतो, पण आपल्या वस्त्यांतही मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाया आहेत. तंबाखूची धूळ त्याच खोलीत, चूल त्याच खोलीत आणि बाळाची झोळीही तिथेच.

बाळंतपण माहेरी, तालुक्याच्या ठिकाणी झालं. वजन 1 किलो 700 ग्रॅम. 1 किलो 800 ग्रॅमच्या आतलं बाळ विशेष नवजात दक्षता कक्षात ठेवायचं असतं. या बाळाला तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. खाट रिकामी नव्हती, असं घरचे सांगतात. बाराव्या दिवशी आई बाळाला घेऊन सासरी सोलापूरला आली, कारण तिच्या वाट्याच्या विड्या थांबल्या होत्या. आता हे लक्षात घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहायचं असतं. गावच्या आशाताईंच्या वहीत ‘सासरी गेली’ अशी नोंद, तर शहरातल्या आशाताईंच्या वहीत ‘माहेरी आहे’ अशी. चौदाव्या दिवसाची भेट या दोन वह्यांच्या मधे पडली. दोघींपैकी एकीलाही दोष देता येत नाही. बाळ मात्र दोघींच्याही यादीतून निसटलं.

अठराव्या दिवशी संध्याकाळी बाळ दूध ओढेना. पाय गार पडले. नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला होता. सून एकटी निघू शकत नव्हती, हातात पैसेही नव्हते. सकाळ होऊ द्या, असं ठरलं. सकाळी रिक्षाने आधी जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. तिथून मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. वाटेतच बाळ गेलं आणि रिक्षा माघारी फिरली. दुपारी माती दिली.

त्या बाळाचा जन्म नोंदलेला होता. मृत्यू नोंदलेला नव्हता. कागदावर ते जिवंत होतं.

ही एका घराची गोष्ट झाली. जगात 2022 साली पाच वर्षांच्या आतली 49 लाख मुलं मरण पावली, त्यातली 23 लाख जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात. बहुतेक मृत्यू गरीब देशांत झाले. ही मुलं नेमकी कशाने जातात, हे ठामपणे सांगणं मात्र कठीण, कारण अनेक मृत्यूंच्या वेळी डॉक्टर जवळ नसतो आणि शवविच्छेदन होत नाही. म्हणून शोधाच्या दोन वाटा निघाल्या. एक वाट आम्ही त्या घरी चाचपडत वापरली ती, म्हणजे घरच्यांना रीतसर प्रश्न विचारून आजाराचा क्रम लिहून घ्यायचा आणि त्यावरून डॉक्टरांनी कारण ठरवायचं. तिला ‘व्हर्बल ऑटोप्सी’ म्हणतात. भारताच्या महानिबंधक कार्यालयासोबत झालेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’ने याच पद्धतीने देशभरातल्या घरांतले मृत्यू तपासले. 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार पहिल्या महिन्यातले 78 टक्के मृत्यू तीनच कारणांनी होत होते : अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, जंतुसंसर्ग आणि जन्मताना गुदमरणं किंवा इजा होणं. महिन्यापुढच्या मुलांत निम्मे मृत्यू न्यूमोनिया आणि जुलाबाने होत होते. मध्य भारतातल्या मुलीचा न्यूमोनियाने मरण्याचा दर दक्षिणेतल्या मुलाच्या पाचपट निघाला. फुफ्फुस मुलगा-मुलगी ओळखत नाही. दवाखान्यात कुणाला आधी न्यायचं, हे घर ठरवतं.

दुसरी वाट प्रयोगशाळेची. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या पुढाकाराने आणि गेट्स फाउंडेशनच्या पैशातून 2015 साली ‘चॅम्प्स’ हा प्रकल्प जाहीर झाला. बांगलादेश, इथिओपिया, केनिया, माली, मोझांबिक, सिएरा लिओन आणि दक्षिण आफ्रिका इथे बाळ गेल्यावर काही तासांत आई-वडिलांची परवानगी घेऊन, शरीर न फाडता बारीक सुईने फुफ्फुस, यकृत, मेंदूचे नमुने घेतात. मग तज्ज्ञांचं मंडळ कारणांची साखळी ठरवतं. यातून दिसलं की बहुतेक मुलं एका कारणाने जात नाहीत. कुपोषणावर संसर्ग, त्यावर दुसरा संसर्ग, असं ते चढत जातं. क्लेब्सिएला नावाचा जंतू अपेक्षेपेक्षा फार जास्त सापडला. तो दवाखान्यातही पसरतो, म्हणजे मूल वाचवायला जिथे नेलं तिथेच त्याला संसर्ग झालेला असू शकतो. हे महत्त्वाचं ज्ञान आहे. तरीही आमचं एक म्हणणं आहे : सुई जंतूपर्यंत पोचते, पण चौदाव्या दिवसाची भेट का झाली नाही हे तिला सापडत नाही. त्यासाठी घरीच जावं लागतं.

आणि घरी जाण्याचं काम महाराष्ट्राने जगाला शिकवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला, वजन करायला, ऊब द्यायला, संसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं. 39 गावांत काम केलं आणि 47 गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी त्या 39 गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी निघाला. 1999 साली हे प्रसिद्ध झालं आणि 2011 साली देशभरच्या आशांच्या कामात आलं. आपल्या आशाताई ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. पण आमच्या मते ‘सर्च’चं याहून मोठं काम मोजण्याचं आहे. 2001 साली त्यांनी इतर संस्थांना सोबत घेऊन ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी दफ्तरात बालमृत्यूंचा मोठा हिस्सा नोंदलाच जात नाही, हे त्यातून उघड झालं. त्यानंतर सरकारला डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आधी मोजणी झाली आणि मग सरकार हललं, हा क्रम आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा.

महाराष्ट्राची सरासरी चांगली दिसते. नमुना नोंदणी पाहणीनुसार 2020 साली देशात हजारी 28 अर्भकं दगावली, महाराष्ट्रात 16, केरळात 6. पण सरासरी सगळ्यांना एका ताटात बसवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशाचा अर्भक मृत्युदर हजारी 35 आला, तर अनुसूचित जाती आणि जमातींचा 40 च्या वर. हा फरक गरिबीचा की जातीचा, असा वाद नेहमी होतो. आम्हाला तो फारसा उपयोगाचा वाटत नाही, कारण वस्ती कुठे वसली, नळाला किती दिवसांआड पाणी येतं, हाताला कुठलं काम मिळालं, हे जातीनेच ठरवत आणलं आहे. सोलापुरात वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी भरून ठेवणाऱ्या घरांत जुलाबाचं मूळ शोधायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, पिंप बघितलं तरी पुरे. मात्र सगळं बाहेरच्यांवर ढकलून आपण सुटत नाही. त्याच पाहणीत सोलापूर जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 40 टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्यात आपल्याही मुली आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असलेल्या पोरांच्या बहिणी आहेत.

बालमृत्यूंची बातमी होते ती एकदम अनेक बाळं गेली की. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात होते. नांदेडला पुढे काय झालं, आठवा. एका खासदाराने आदिवासी समाजातल्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. नंतर अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. शिक्षा म्हणून संडास साफ करायला लावणं कुठल्या डोक्यातून येतं, हे या वाचकांना सांगायची गरज नाही. पण त्या गोंधळात मूळ प्रश्न बाजूला पडला : औषधखरेदी का रखडली होती, रिकाम्या जागा किती होत्या, बाळं आधी कुठे कुठे फिरून शेवटच्या घटकेला तिथे आली होती? दोषी माणूस शोधला की कारण शोधायची गरज वाटेनाशी होते.

बाबासाहेब आणि रमाईंची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं लहानपणीच गेली. राजरत्न गेला 1926 मध्ये. दोन वर्षांनी, 1928 साली, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. 1929 मध्ये कायदा झाला. पुढे 1966 च्या विडी कामगार कायद्याने प्रसूती लाभ घरखात्यात विड्या वळणाऱ्या बायकांपर्यंतही आणला. मग आमच्या त्या सुनेला तो का मिळाला नाही? कारण कारखान्याचं कार्ड सासूच्या नावावर होतं. विड्या सून वळत होती, कागदावर कामगार सासू होती. हे उत्तर आम्हाला दुसऱ्या भेटीत मिळालं. पहिल्या भेटीत आम्ही ते विचारलंच नव्हतं, ही चूक आमची.

किसा गोतमीची गोष्ट विहारात सगळ्यांनी ऐकलेली असते. ज्या घरी कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण, असं तथागतांनी सांगितलं आणि ती दारोदार फिरली. मृत्यू सगळ्यांना आहे, हा तिचा बोध बरोबरच आहे. पण आज कुणी वही घेऊन सोलापुरात तशीच फिरली तर तिला हेही दिसेल, की तान्ह्या बाळाचा मृत्यू सगळ्या घरांना सारखा वाटून आलेला नाही. आणि ‘हे आहे म्हणून ते होतं’ असा कार्यकारणाचा विचार आपल्याकडे अडीच हजार वर्षं आहे. मग बाळ गेलं की ‘नशीब’ हा शब्द आपल्या तोंडी कसा येतो?

केंद्र सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक बालमृत्यूची खबर द्यायची असते, निवडक मृत्यूंची घरी जाऊन सविस्तर चौकशी करायची असते आणि जिल्हा समितीने आढावा घ्यायचा असतो. निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, उपचाराला उशीर, असे तीन उशीर त्यात तपासतात. वर सांगितलेल्या घरात तिन्ही होते. आमची मागणी एवढीच, की या आढाव्याचे आकडे वॉर्डनिहाय आणि समाजगटनिहाय, नावं वगळून, वर्षातून एकदा जाहीर व्हावेत. आणि विहारांनी, जयंती मंडळांनी आपापल्या वस्तीची एक साधी वही ठेवावी : कोण गरोदर आहे, बाळंतपणाला कुठे गेली, बाळाचं वजन किती, सासरी कधी परतली. परतल्याच्या दिवशी इथल्या आशाताईंना फोन करायचा. याला निधी लागत नाही.

त्या बाळाच्या मृत्यूची नोंद आम्ही सोळाव्या दिवशी करून घेतली. मुदत 21 दिवसांची असते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, वर्षाच्या आत असेल तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. घरी मृत्यू झाला तर खबर कुटुंबप्रमुखाने द्यायची. वाटेत, चालत्या वाहनात झाला तर नियमाने ती जबाबदारी वाहन चालवणाऱ्याची, म्हणजे इथे रिक्षावाल्याची. त्या बिचाऱ्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सांगितल्यावर तो पाळी सोडून आमच्यासोबत आला.