मागे फिरण्याचे धैर्य

एव्हरेस्टच्या माथ्यावर भारतीय पथकाने प्रथम पाऊल ठेवले, त्या दिवसाला साठ वर्षे उलटून गेली. नौदलाचे अधिकारी मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखालील पथकातून कॅप्टन अवतारसिंग चीमा आणि नवांग गोम्बू हे दोघे २० मे १९६५ रोजी शिखरावर पोहोचले आणि २९ मेपर्यंत आणखी सात जण त्यांच्या मागोमाग तेथे जाऊन आले. एकाच मोहिमेतील नऊ गिर्यारोहकांनी हे शिखर गाठावे, असे तोवर कोठल्याही देशाच्या बाबतीत घडले नव्हते. ह्या यशाचे स्मरण देशाला होते व ते होणे योग्यच आहे. परंतु त्याच्या पाच वर्षे आधीची एक गोष्ट आपण बहुतेक विसरलो आहोत; आणि लष्करातील गिर्यारोहणाविषयी लिहावयास बसलो असता आम्हांस प्रथम तिचीच आठवण होते.

१९६० च्या मे महिन्यात ब्रिगेडियर ग्यानसिंग यांचे पथक ह्याच शिखरावर गेले होते. सोनम ग्यात्सो, नवांग गोम्बू आणि नरेंद्रकुमार हे तिघे २८,३०० फुटांपर्यंत चढले. माथा अवघा सातशे-सव्वासातशे फुटांवर राहिला होता. वारा अनावर झाला तेव्हा तिघेही मागे फिरले आणि सुखरूप खाली आले. १९६२ मध्ये मेजर जॉन डायस यांच्या पथकातील सोनम ग्यात्सो, हरी डांग आणि कोहली यांनी आणखी तीनशे फुटांची मजल मारली व तेही परतले. १९६५ मध्येसुद्धा पहिला प्रयत्न हवामान बिघडल्यामुळे सोडावा लागला. पथक खाली उतरले, थांबले आणि हवा निवळल्यावर पुन्हा चढले. आता नावे ताडून पाहावीत. १९६० मध्ये माघारी आलेले गोम्बू १९६५ मध्ये शिखरावर होते. दोन वेळा माघारी आलेले सोनम ग्यात्सो तिसऱ्या वेळी शिखरावर होते. १९६२ मध्ये परतलेले कोहलीच १९६५ चे नेते होते. माघारीच्या त्या दोन दिवशी ह्या माणसांनी हट्ट धरला असता, तर १९६५ चा विजय साजरा करण्यास त्यांतील कोण उरले असते?

मराठी वाचकाच्या कानास ही भाषा किंचित खटकेल. कडा म्हटला की आपल्याला १६७० चा कोंडाणा आठवतो. तानाजी पडल्यावर पळू पाहणाऱ्या मावळ्यांना दोर कापून टाकल्याचे सूर्याजीने बजावले, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. आणि परतीचे दोर कापणे हे आपल्या बोलण्यात पराक्रमाचे दुसरे नाव होऊन बसले. रणांगणावर ते यथार्थही आहे, कारण तेथे परत गेल्याने काय गमवावे लागणार हे ठरलेले असते. हिमशिखराची गोष्ट वेगळी. ते कोणाचा मुलूख बळकावीत नाही; आज सोडले तर पुढल्या वर्षी जागेवरच असते. तेथे परतीचा दोर शाबूत राखणे हेच नेत्याचे पहिले कर्तव्य होय.

मग सैन्याने ही उठाठेव मुळात करावीच कशासाठी, असा प्रश्न काही सुजाण मंडळी विचारतात. सीमा राखणे हे ज्यांचे काम, त्यांनी शिखरे चढण्यात पैसा, श्रम व प्रसंगी प्राण का वेचावेत? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे.

आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या दिवसांतील एक प्रसंग सांगतो. १९९९ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कारगिलची लढाई ऐन भरात होती. इतिहासाच्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, शत्रू वर आणि आपण खाली, मग आपली माणसं वर जाणार कशी?" त्या दिवशी भिंतीवरील नकाशापलीकडे आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर जुलैच्या ३ व ४ तारखांमधील रात्रीने दिले. सुमारे साडेसोळा हजार फूट उंचीच्या टायगर हिलच्या ज्या तुटलेल्या कड्याने कोणी येईल अशी शत्रूची कल्पनाही नव्हती, त्या कड्यावर दोर लावून अठराव्या ग्रेनेडियर्सचे जवान वर गेले. असे चढणे एका रात्रीत शिकता येत नसते.

ते शिकविण्याची तजवीज स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाली, ही आपल्या धुरीणांची दूरदृष्टी. जनरल थिमय्या यांनी १९४८ च्या अखेरीस गुलमर्ग येथे जवानांसाठी बर्फावरील घसरपट्ट्यांची, म्हणजे स्कीइंगची, शाळा काढली. तिचेच पुढे १९६२ मध्ये उंच पर्वतांवरील युद्धाच्या शिक्षणसंस्थेत रूपांतर झाले. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये निघाली तेव्हा तिचे पहिले प्राचार्य मेजर नंदू जयाल हे लष्करी अभियंते होते आणि प्रत्यक्ष पहाडावरील शिक्षणाची सूत्रे तेनसिंग यांच्या हाती होती. जयाल १९५८ मध्ये चो ओयूच्या मोहिमेत निवर्तले.

आणि तरीही १९६२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर आपण सपाटीवरच्या पलटणी, अंगावर उन्हाळी गणवेश असताना, विरळ हवेची सवय होण्यापूर्वीच चौदा-पंधरा हजार फुटांवर धाडल्या. त्याची किंमत देशाने मोजली. त्या अनुभवातून लष्करी वैद्यांनी उंचीवरील विकारांचा जो अभ्यास केला, तो साऱ्या जगाच्या उपयोगी पडला. १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा १९६९ चा निबंध वैद्यकात प्रमाण मानला गेला. नऊ हजार फुटांच्या वर सहा दिवस, बारा हजारांच्या वर चार दिवस आणि पंधरा हजारांच्या वर आणखी चार दिवस शरीराला सवय लावल्यावाचून जवानास कामास जुंपू नये, हा सैन्यातील नियम त्याच जातीच्या शहाणपणाचा आहे. तो नियम म्हणजे थांबण्याचाच नियम आहे.

सियाचीनचे उदाहरणही ह्याच पठडीतले. कर्नल नरेंद्रकुमार, म्हणजे १९६० मध्ये परतलेल्या तिघांपैकीच एक, यांनी १९७८ व १९८१ मध्ये त्या हिमनदीवर मोहिमा नेल्या, वाटा शोधल्या, शिखरे चढली. १३ एप्रिल १९८४ रोजी आपले सैन्य तेथील खिंडींवर उतरले, तेव्हा त्या गिर्यारोहकांनी गोळा केलेली माहितीच हाताशी होती. त्या हिमनदीवर शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमस्खलनाने आणि विरळ हवेने अधिक बळी घेतले आहेत. अशा ठिकाणी जवानास पाठविणाऱ्या राष्ट्राने त्याला पर्वत शिकवू नये, असे कोण म्हणेल?

तेव्हा गिर्यारोहण सैन्यात हवे, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. सैन्य आज्ञेवर चालते आणि मानावर जगते. पलटणीचा मान, दलाचा मान, वरिष्ठांनी दिलेला निरोप, शिखरावर फडकवावयाचा ध्वज, ह्या साऱ्यांचे ओझे पाठीवरील सामानापेक्षा जड असते. सह्याद्रीत हौसेने भटकणारा तरुण ढग दाटून आले की घरी येतो. त्याला कोणी जाब विचारीत नाही. गणवेशातील माणसाला "परत आलो" हा शब्द उच्चारणे त्याहून कितीतरी कठीण आहे. १९८५ च्या ऑक्टोबरमधील लष्कराच्या एव्हरेस्ट मोहिमेत पाच अधिकारी प्राणास मुकले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीकडील द्रौपदी का डांडा ह्या पर्वतावर हिमस्खलन होऊन पंचवीसहून अधिक जणांचा अंत झाला. त्यांत बहुसंख्य शिकाऊ होते. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी लडाखातील कुन पर्वतावर गुलमर्गच्या संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि चार जवान गेले. कोठे चूक झाली आणि कोठे केवळ निसर्गाचा कोप झाला, ह्याचा निवाडा घरात बसून करणे आम्हांस शोभणार नाही. परंतु तो निवाडा कोणी तरी करावयास हवा, आणि तो पुढच्या दोराला हात घालणाऱ्यास वाचावयास मिळावयास हवा.

म्हणून आमचे तीन गोष्टींविषयी आग्रहाचे सांगणे आहे. पहिली, पहाडावरील प्रत्येक अपघाताच्या चौकशीतील जो भाग देशाच्या संरक्षणाशी निगडित नाही, तो नागरी संस्थांना व गिर्यारोहकांना खुला करावा. बर्फ, दोर आणि हवामान ह्यांत गुप्त असे काही नाही. दुसरी, एखाद्या मोहिमेचा गौरव करताना किती जण वर गेले ह्याच्या आधी किती जण परत आले हे पाहावे, आणि योग्य वेळी माघार घेणाऱ्या नेत्याच्या सेवापुस्तकात तो निर्णय गुण म्हणून नोंदला जावा. तिसरी, हे शिक्षण घेतलेले जवान निवृत्त होऊन गावोगाव परततात, आपल्या जिल्ह्यांतही परततात; सह्याद्रीच्या कड्यांवर दर पावसाळ्यात आपली मुले जी जीव गमावतात, त्यांना दोराचे आणि संयमाचे धडे देण्यास ह्या माणसांना पाचारण करावे.

कुन पर्वतावरील चार जवानांपैकी तिघांचे देह बर्फाखाली राहिले होते. नऊ महिन्यांनी, जुलै २०२४ मध्ये, त्याच संस्थेचे जवान पुन्हा तेथे चढले, सुमारे अठरा हजार सातशे फुटांवर दिवसच्या दिवस बर्फ खोदीत राहिले आणि आपल्या सोबत्यांना खाली घेऊन आले. त्या मोहिमेत शिखर नव्हते, विक्रम नव्हता. आपल्या सैन्यातील गिर्यारोहणाचे सर्वांत उदात्त रूप आम्हांस तेथेच दिसले.

शेवटी दोष आमच्याही पदरी आहे. शिखरावर हसतमुखाने उभ्या असलेल्या जवानाचे चित्र आम्ही वृत्तपत्रे पहिल्या पानावर छापतो. चारशे फुटांवरून परतलेल्याची वार्ता, छापलीच तर, आतल्या पानावर चार ओळींत उरकतो. त्या चार ओळी उंचावरच्या त्या माणसाच्याही डोळ्यांपुढे असतील, हा विचार आम्ही कधी केला नाही. तो ह्यापुढे करावयाचा आमचा संकल्प आहे. आणि म्हणूनच साठ वर्षांपूर्वीच्या विजयाच्या निमित्ताने त्याआधीच्या दोन माघारींना आज आम्ही पहिल्या पानावर जागा दिली आहे.